बाबांसाठी आठ अक्षांचं मशीन

मी नेमकं काय काम करते, हे आमच्या डोणगावात आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. "कंपुटरचं करते," असं आई सांगते आणि विषय संपवते. खरं तर मी कारखान्यातली मशीनं हलवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवते. मशीनच्या एकेका स्वतंत्र हालचालीला, म्हणजे पुढे-मागे, वर-खाली, गोल अशा प्रत्येकीला, आमच्या धंद्यात अक्ष म्हणतात. एका अक्षाला एक मोटर आणि एका मोटरला एक कार्ड. ही कार्डं फडताळातल्या पुस्तकांसारखी एका लांब बोर्डात शेजारी शेजारी उभी खोचायची. आज तीन हालचाली हव्या असतील तर तीन कार्डं. उद्या गिऱ्हाइकाला पाच हव्या झाल्या तर आणखी दोन खोचायची, बाकी मशीनला हात लावायचा नाही. याला मॉड्यूलर म्हणतात. पुण्यातल्या कंपनीत मी इतकी वर्षं हेच करते आहे आणि, खोटा विनय कशाला, मला ते चांगलं येतं.

बाबांना मात्र माझं काम पहिल्याच दिवशी कळलं होतं. विहाराच्या गल्लीच्या तोंडाशी, मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप जळले की आसपासच्या खेड्यांतून, पार जानेफळपासून, लोक मोटारी घेऊन यायचे. जळालेलं तांबं काढायचं, खाचा साफ करायच्या, त्यांत कागद घालायचा, नव्या तारेची कॉइल गुंडाळून ती त्या खाचांमध्ये बसवायची, दोऱ्याने बांधायची, वार्निश पाजायचं. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांना सांगितलं, की मी मोटारी चालवणारं कार्ड बनवते. ते म्हणाले, "म्हंजे तू चालवनार अन् मी जळलेल्या दुरुस्त करनार. घरातल्या घरात धंदा हाय." या विनोदावर ते स्वतःच इतके खूश झाले, की पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत राहिले.

कॉइल गुंडाळायला त्यांच्याकडे हाताचं मशीन होतं. लाकडी फर्मा, म्हणजे कॉइलच्या मापाचा साचा, दांड्यावर चढवायचा, उजव्या हाताने हँडल फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीत तार धरून तिला ताण द्यायचा आणि तोंडाने वेढे मोजायचे. त्या मशीनचा मोजणारा काटा मी शाळेत असतानाच मोडला होता. तो दुरुस्त करायची गरज बाबांना कधी वाटली नाही. मोजणी चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही, हा कायदा होता. रामराम घालणाऱ्याला ते भुवई उचलून बाकडं दाखवत आणि आकडा पूर्ण होईपर्यंत तो माणूस मुकाट बसे. मोठमोठे बागाईतदारही बसत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा गव्हा-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस तोंडावर होते. लाइन कमी-जास्त व्हायची आणि मोटारी जळायच्या. दुकानासमोर सात-आठ मोटारी रांगेत पडलेल्या. बाबा हँडल फिरवत होते आणि मधेच थांबत होते. वीस-पंचवीस वेढे झाले की उजवा हात मांडीवर ठेवायचे, आकडा पुटपुटत राहायचे आणि मग पुन्हा सुरू.

कॉइल झाल्यावर मी विचारलं, "काय झालं हाताले?"

"कुठी काय? खांदा थोडा धरते."

"थोडा नाही," डबा घेऊन आलेली आई म्हणाली. "त्या कुशीवर निजता येत नाही त्यायले."

मग कळलं, की खामगावच्या एका दुकानात वाइंडिंगचं तयार मशीन आलं होतं. पाय दाबला की फिरायचं आणि लावून दिलेल्या आकड्यावर आपोआप थांबायचं. बाबा मुद्दाम जाऊन ते बघून आले होते. दुकानदाराला ठेवायला सांगितलं होतं आणि पुढच्या आठवड्यात आणायला जाणार होते.

ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी लवकर तापते, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो राग नव्हता, अहंकार होता, हे समजायला मला बराच काळ लागला. मी म्हणाले, "गावभर सांगता का पोरगी मशीन चालवते, अन् मशीन बाजारातून आनता? काऊन? मीच बनवून देईन. दोन महिने थांबा."

बाबांचा चेहरा असा खुलला, की आज तोच आठवला की जास्त त्रास होतो. त्यांनी तिथल्या तिथे खामगावला फोन लावला. "नोको ठेवू भाऊ ते. माही पोरगीच बनवून राह्यली." फोन ठेवून मला म्हणाले, "मले जास्त काई नोको, बाई. पायानं चालू व्हावं अन् मोजून थांबावं. बस."

एक मोटर, एक कार्ड, एक पायाचं बटण आणि मोजणी. आमच्या लॅबमध्ये पडलेल्या सामानातून हे एका रविवारी झालं असतं. आता पश्चात्तापाने फुगवून सांगत नाहीये मी. खरंच एका रविवारचं काम होतं.

पुण्याला आल्यावर मी वही घेऊन बसले. पहिला विचार आला, की आपण बनवतोच आहोत, तर तारही नीट वेढ्याला वेढा लागून बसली पाहिजे. म्हणजे तार डावी-उजवीकडे सरकवणारा दुसरा अक्ष आला. पंपाच्या कॉइलला या नेटकेपणाचा काही उपयोग नसतो, कारण खाचेत बसवताना ती पसरावीच लागते. बाबांना हे माहीत होतं. मी त्यांना विचारलं नाही. मग वाटलं, वेगवेगळ्या मोटारींना वेगळ्या मापाचा फर्मा लागतो, तो आपोआप लहान-मोठा झाला तर? तिसरा अक्ष. तार कापायला चौथा. एका वेळी दोन कॉइली गुंडाळायच्या झाल्या तर आणखी दोन. शेवटी मी आठ कार्डांचा बोर्ड आखला. त्याला वीज पुरवणारा भाग आठ कार्डांच्या हिशेबाने, पेटी आठांच्या मापाची, पंखा आठांना पुरेल असा. कार्डं मात्र सुरुवातीला दोनच बसवायची ठरवली.

आमच्या धंद्याची ही सवयच आहे. गिऱ्हाइकाने दोन मागितलं, की उद्या त्याला चार लागतील असं धरून पाया घालायचा. कारखान्यांच्या बाबतीत ते शहाणपण असतं, कारण कारखाने वाढतात. इथे साठी ओलांडलेला एक माणूस होता आणि एका शटरचं दुकान होतं. ते कुठे वाढणार होतं? नाकापेक्षा मोती जड, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. नसलेलंच बरं.

दोन महिन्यांचे चार झाले, चारांचे अकरा. आधी बोर्ड तयार होऊन यायला वेळ लागला, मग एक कनेक्टर मला पसंत पडेना, मग कंपनीत काम वाढलं. बाबांनी फोनवर एकदाही विचारलं नाही. "जेवली का?" विचारायचे, मग "काम कसं काय?" आणि मग थोडं थांबायचे. ते थांबणं मला कळायचं आणि कळल्यामुळेच चिडायला व्हायचं. "करून राह्यली ना, बाबा!" मी म्हणायचे. "हो हो, घाई नाही," ते म्हणायचे. घाई होती. एक अख्खा हंगाम त्यांनी हँडलवर काढला होता आणि दुसरा जवळ येत होता.

पुढच्या दिवाळीच्या आधी मी पेटी गाडीत घालून डोणगावला नेली. बाबांनी टेबल पुसून ठेवलं होतं, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघांना चहाला बोलावलं होतं. पेटी उघडली. एका कडेला दोन कार्डं आणि पुढे सहा मोकळ्या जागा. बाबा वाकले आणि एका मोकळ्या जागेत बोट घालून बघितलं.

"आपल्याले किती लागते?"

"दोन."

"मंग हे बाकीचं कायले?"

"उद्या लागलं तर."

"उद्याले," ते म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. चहाला आलेल्या दोघांनीही डोलावली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण पोरीचं कौतुक करायला जमलेल्या माणसांनी ते बोलून दाखवायचं नसतं.

फर्मा फिरवणारा अक्ष झकास चालला. पाय दाबला की हळू सुरुवात, मग वेग, मग आकडा जवळ आला की पुन्हा हळू आणि बरोबर थांबणं. बाबांनी एक कॉइल काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. उजवा हात मांडीवर निवांत पडलेला. मधेच ते त्या हाताकडे बघून हसले. पण मी मुद्दाम जोडलेला तार सरकवणारा दुसरा अक्ष आठ-दहा वेढ्यांनंतर झटका खायचा आणि बंद पडायचा. त्याच्या कार्डाला पाठवलेला संदेश वाटेत बिघडत होता. का, ते समजेना. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन दुकानाच्या फरशीवर दुपारपर्यंत बसले. पाहुणे उठून गेले.

शेवटी बाबा म्हणाले, "सोड त्याले. तार मी हातानंच धरीन, सवय हाय. हे फिरनारं एवढं राहू दे इथी. मले पुरते."

मी म्हणाले, "अर्धवट काम मी देत नाही."

घरात बोलतो त्या बोलीत नाही. कंपनीत गिऱ्हाइकाशी बोलते त्या भाषेत आणि त्याच सुरात म्हणाले. आणि कार्डं काढून पेटी बंद केली. एक चालतं मशीन मी बापाच्या टेबलावरून उचललं, कारण त्याचा नको असलेला भाग चालत नव्हता. गाडीत ठेवताना पेटीची दुसरी बाजू बाबांनी धरली होती, डाव्या हाताने. "नीट ठेव, धक्का बसन," असंही म्हणाले.

दोष सापडायला मला तीन महिने लागले. सापडला तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले, आणि मग हसू थांबलं. दोष भरलेल्या जागांमध्ये नव्हता, मोकळ्या जागांमध्ये होता. आठ कार्डांसाठी आखलेल्या त्या लांब बोर्डावर संदेश दुसऱ्या कार्डापाशी थांबत नसे. तो पुढे रिकाम्या टोकापर्यंत जायचा, तिथे घेणारं कुणी नाही म्हणून माघारी फिरायचा आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळायचा, कोरड्या विहिरीत हाक मारल्यावर होतं तसं. बोर्ड दोन कार्डांचा असता तर हे घडलंच नसतं. उपायही तांदळाच्या दाण्याएवढा होता. बोर्डाच्या टोकाला संदेश तिथेच जिरवणारा एक छोटा रेझिस्टर लावला की काम भागत होतं. हे मी नव्या मुलांना शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

आणि तरीही मी तो दाणा लावून पेटी डोणगावला नेली नाही. म्हटलं, डागडुजी कशाला, आराखडाच स्वच्छ करू. नवा बोर्ड आखायला घेतला. त्याच दिवसांत कंपनीत एका मोठ्या पॅकिंग लाइनचं काम माझ्याकडे होतं. ते वेळेत पार पडलं. मोठ्या सभेत माझं नाव घेऊन सांगितलं गेलं, की ही यंत्रणा उद्याचा विचार करून बनवलेली आहे. टाळ्या झाल्या. मला बरं वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मार्चमध्ये एकदा भर दुपारी मी बाबांना फोन केला. पलीकडून आईच्या भांड्यांचा आवाज आला, म्हणजे ते घरी होते. हंगामात, त्या वेळी, घरी.

"दुकान?" मी विचारलं.

"देल्लं किरायानं. मोबाइलवाल्याले."

मग आईने फोन घेतला आणि सगळं सांगितलं. जानेवारीत हँडल फिरवता फिरवता खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. मेहकरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आतला स्नायू आधीच विरलेला होता, तो आता फाटला. ऑपरेशन करता येईल, पण पहिल्यासारखा हात होईल असं नाही. कॉइल खाचेत बसवायला दोन्ही हात खांद्यापासून लागतात. बाबांनी दारात आलेल्या मोटारी आठवडाभर परत पाठवल्या आणि मग शटर ओढलं.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तेच नोको म्हने. म्हने तिले सांगू नोको, घाई करन अन् काम बिघडन." मग आईचा आवाज चढला, "तुह्या बापाले मोठं मशीन नोको होतं, बाई. ते हँडल फिरवनारं कोनी पायजे होतं. मी फिरवीन म्हनलं, त मलेही फिरवू देत नोते. म्हने पोरगी आनून राह्यली, आता कायले तू हात काळे करते."

बाबांचा खांदा वयानेही गेला असता, असं मला काही जणांनी समजावलं आहे. गेला असेल. पण दोन हंगाम त्यांनी जे हजारो फेरे मारले, ते माझ्यासाठी थांबून मारले होते. मी नसते तर खामगावचं मशीन पहिल्याच आठवड्यात दुकानात आलं असतं.

मग मी ते मशीन तीन आठवड्यांत पूर्ण केलं. दीड वर्ष जे होत नव्हतं, ते तीन आठवड्यांत झालं, आणि याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते. रजा काढली, जुन्याच बोर्डाला रेझिस्टर लावला, दोन्ही अक्ष दिवसभर न थांबता चालवून बघितले आणि एप्रिलअखेर पेटी घेऊन घरी गेले. वरातीमागून घोडं म्हणतात, ते मी गाडीच्या डिकीत घालून नेलं.

दुकानातलं उरलंसुरलं सामान ओसरीवर एका फळीवर लावलेलं होतं: लाकडी फर्मे, तारेची दोन रिळं, वार्निशचा डबा. बाबा खाटेवर बसले होते. उजवा हात पोटाशी धरलेला. मला बघून त्यांनी डाव्या हाताने खुर्ची ओढली आणि मशीन ठेवायला जागा केली.

"लाव," ते म्हणाले.

मी फर्मा चढवला, तार ओवली. बाबांनी पाय दाबला. चौसष्ट वेढे, तार वेढ्याला वेढा चिकटून, थरावर थर, कुठे फट नाही की चढ नाही. दोन्ही अक्ष एकमेकांबरोबर असे चालले, की लॅबमध्येही तसे चालले नव्हते. चौसष्टला मशीन थांबलं. बाबांनी कॉइल उतरवली, डाव्या तळव्यावर तोलली आणि कडेने अंगठा फिरवला.

"एक नंबर," ते म्हणाले. "हातानं असं नसतं आलं मले."

कॉइलच्या बाबतीत बाबा कुणाचं मन राखायला खोटं बोलत नाहीत. त्यामुळे क्षणभर मी खूश झाले. खरंच झाले. "अजून एक काढू?" असं विचारूनही बसले.

"नोको."

त्यांनी कॉइलचं टोक शोधलं, फळीवरचं रिकामं रीळ घेतलं, गुडघ्यांत अडकवलं आणि तार त्यावर परत गुंडाळायला सुरुवात केली.

"बाबा, हे काय करता?"

"तांबं हाय, बाई. वाया काऊन घालवाचं? मोटार कुठी हाय आता घालाले?"

उजव्या हातात कॉइल धरवेना. ती दोनदा मांडीवरून घसरली. मग मी खाली बसले, ती माझ्या दोन्ही हातांवर घेतली आणि त्यांच्या समोर धरली. ते डाव्या हाताने रीळ फिरवत होते आणि वेढ्यामागून वेढा माझ्या हातांवरून उतरत होता. आई दारात उभी होती. अर्ध्यावर आल्यावर मला राहवलं नाही.

"बाबा, त्या दिवशी ते फिरनारं एवढं तरी ठेवून जाले पायजे होतं मी."

मला वाटलं, ते नेहमीसारखं काहीतरी म्हणतील. जाऊ दे, नशीब, वय झालं, असलं काही. आजवर त्यांनी मला कधी दोष दिला नव्हता. ते रीळ फिरवायचे थांबले आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "हाव. ठेवाले पायजे होतं."

मग त्यांनी मला तार जरा ताणून धरायला सांगितली.